नऊ मिनिटं एक्केचाळीस सेकंद

उद्यमनगरात हुपरीकरांच्या फाउंड्रीत
चार कॉम्प्युटर, चार वेळा.
स्टोअरचा तीन मिनिटं पुढे,
लॅबचा रोज सकाळी उठतो तो दोन हजार दोन सालात
(त्याची बॅटरी गेलेली, चाळीस रुपयांची, बटणाएवढी)
आणि ऑफिसातला मागे.
गेटवरचं पंचिंग मशीन त्या ऑफिसातल्याचं ऐकतं.

मला बोलावलं ते बिलांसाठी.
सरकारी साइट आत घेईना,
ओटीपी यायच्या आधीच शिळा व्हायचा.
'व्हायरस हाय काय बघ,' हुपरीकर म्हणाले.
मी म्हटलं, व्हायरस नाही, घड्याळ आहे.
ते हसले. भट्टीकडे बघत हसले.

राऊटरमध्ये एकशेतेवीस नंबरचं दार बंद होतं.
उघडलं.
सर्व्हरचं नाव टाकलं, एक नको म्हणून तीन,
एकटा खोटं बोलला तर दोघं सांगतील.
मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं पहिल्यांदा विचारलं
कुठल्यातरी लांबच्या, थंड खोलीतल्या मशीनला,
किती वाजले?

उत्तर आलं.
फरक: नऊ मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

थोडा फरक असला तर घड्याळ ओढून घेता येतं,
सेकंदाला चिमूटभर, कुणाला कळत नाही.
एवढ्याला उडीच मारावी लागते.
मारण्याआधी मी सहज नोंदी उघडल्या.

दर सोमवारी, सव्वानऊला,
वेळ बदलली. वेळ बदलली. वेळ बदलली.
नाव एकच: टिपुगडे.
सहा वर्षं.
बरोबर नऊ मिनिटं मागे, ना आठ, ना दहा.
शेवटची नोंद श्रावणातली.
त्यानंतर काही नाही.

शामराव टिपुगडे, अकाउंटंट.
खुर्चीच्या पाठीला त्यांचा टॉवेल अजून तसाच.
म्हणजे नऊ मिनिटं त्यांची,
एक्केचाळीस सेकंद त्यांच्यानंतरची.

गेटवर इब्राहिम मुल्लाणींना विचारलं.
मोल्डिंगला आहेत, हाताला काळी वाळू.
'गारगोटीची गाडी,' ते म्हणाले,
'संभाजीनगर स्टँडला आठला धा कमी.
तिथनं हितं यायला आठ वाजून सात.
अकरा माणसं हाय आमी त्या गाडीची.
पर कार्डावर कवा लेट पडलं न्हाई बघा.
मशीन चांगलं हाय.'

मशीन चांगलं आहे.
मी मान हलवली आणि आत आले.

खुर्चीत बसून हिशेब केला:
सकाळी नऊ मिनिटं उशिरा आत,
संध्याकाळी त्याच घड्याळानं नऊ मिनिटं उशिरा बाहेर.
कुणी काही चोरलेलं नव्हतं.
दिवस फक्त थोडा सरकवून ठेवलेला,
गरम भांडं फडक्यानं सरकवावं तसा.

हुपरीकरांना सगळं सांगितलं.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बाहेर कुणीतरी साचा फोडत होतं.
'टिपुगडेनं मला इचारलं न्हाई कवा.'
मी विचारतेय, म्हटलं.
हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये एक चौकोन असतो,
सवलत, मिनिटांत. तिथं शून्य आहे.
'किती घालायचं?'
नऊ.
'आनि सांजची नऊ? ती माझी गेली की.'
गेली, म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
'धा घाल. नऊ घातलं तर लोकं इचारतील, नऊच का.'

दहा घातले. मग एंटर दाबलं.
पडद्याच्या कोपऱ्यात अकरा सोळाचे
एकदम अकरा सव्वीस झाले.
मधली मिनिटं कुठं गेली ते मशीन सांगत नाही.

निघताना लॅबमध्ये नवी बॅटरी बसवली.
बिलात चाळीस रुपये वेगळे लिहिले.
टॉवेलाला हात लावला नाही.

आता तो ऑफिसातला कॉम्प्युटर
दर सतरा मिनिटांनी विचारतो, किती वाजले,
रात्रीसुद्धा, भट्टी थंड असताना,
आणि उत्तर यायला जो वेळ लागला
तोही धरतो हिशेबात.